उस्तादाची फुंक

बाभुळगावात डॉक्टर तसे चार-पाच असतील, पण त्यातल्या एकालाही आयशाबीच्या घराचा रस्ता ठाऊक नव्हता, आणि आयशाबीला त्यांच्या दवाखान्याचा. याचा तिला भारी तोरा. मोहल्ल्यात कुणाच्या लेकराला ताप आला की बाया आधी तिच्या ओट्यावर यायच्या, आणि उपाय सांगण्याआधी आयशाबी दोन गोष्टी सुनावून घ्यायची. "पानी उकयून पेता का? नाई ना? मंग भरा डॉक्टरचं घर."

ही खोड तिला उगाच लागली नव्हती. तिच्या नवऱ्याचा, जफरचा, थोरला भाऊ परवेज पोटाच्या दुखण्यानं दीड महिना दवाखान्यात पडून होता. माणूस गेला तो गेलाच, वर बसस्टँडजवळची त्याची जागाही दवाखान्यापायी विकली गेली. त्या दिवशी आयशाबीनं मनाशी गाठ मारली. दवाखान्याचा पैसा वाचवायचा असेल तर तो चुलीपाशीच वाचवला पाहिजे, एकदा माणूस खाटेवर पडला की मग काही वाचत नाही. तेव्हापासून तिच्या घरी पाणी उकळून, फडक्यानं गाळून. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, लसणाची चटणी. जेवणाआधी साबणानं हात धुवायचे ते मनगटापर्यंत. संध्याकाळची मगरिबची नमाज झाली की जेवण, त्यानंतर कुणी बिर्याणीचं पातेलं घेऊन आलं तरी ते झाकून ठेवलं जाई.

जफर बिचारा बायकोच्या शब्दाबाहेर नव्हता. बिडी नाही. चहा दिवसातून एकदा. आणि अख्खा जिल्हा ज्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यावर जगतो तो खर्रा त्यानं उभ्या जन्मात जिभेवर ठेवला नव्हता. दुकानात पायी जायचा, पायी यायचा. पन्नाशी उलटली तरी त्याला चष्मा नव्हता की कसली गोळी नव्हती. पोरगी अलफिया उमरखेडला दिलेली, तिच्या सासरी लोक नवल करत की तुझे अब्बा कधी आजारीच कसे पडत नाहीत. अलफिया म्हणे, "अम्मी पडूच देत नाई."

जफरचं दुकान फवारणीच्या पंपांचं. म्हणजे विकायचं नव्हे, दुरुस्तीचं. पाठीवरच्या पंपाचा वॉशर गेला, नळी फुटली, पट्टा तुटला, नोझलमध्ये कचरा अडकला की आसपासच्या चाळीस गावांतले लोक त्याच्याकडे येत आणि त्याला उस्ताद म्हणत. हंगाम तीन महिन्यांचा. त्या तीन महिन्यांत मिळवायचं आणि बाकीचे नऊ महिने सायकली नि स्टोव्ह दुरुस्त करत काढायचे.

आता पंप म्हटलं की औषध आलंच. जफर घरी आला की त्याच्या कपड्यांना तो उग्र वास असायचा आणि आयशाबीच्या कपाळाला आठी पडायची. पण तिच्याकडे त्यावरही तोडगा होता. दुधानं विष उतरते, हे इकडे शेंबड्या पोरालाही माहीत. फवारणी करून आलेला मजूरसुद्धा मालकाकडे आधी कपभर दूध मागतो. आयशाबीनं म्हशीच्या दुधाचा रतीब लावला आणि हंगाम सुरू झाला की रोज सकाळी लिटरची बाटली जफरच्या पिशवीत घालू लागली. "एकदम पेऊ नका. घोट घोट घेत जा दिवसभर." जफर घोट घोट घेत होता. बावीस वर्षं झाली या गोष्टीला.

ते बोंडअळीचं साल. कपाशीची पऱ्हाटी अशी माजली होती की फवारणारा माणूस दोन ओळींमधल्या तासात शिरला की वरून फक्त हलणारी पानं दिसायची. एका औषधानं अळी मरेना म्हणून लोक दोन-दोन, तीन-तीन औषधं एका बादलीत कालवत होते. पोळा झाला आणि जफरच्या दुकानापुढं पंपांची रांग लागली. तो सकाळी सातला जायचा तो दिवस मावळेपर्यंत मान वर करत नसे.

पोळ्यानंतर दहा-बारा दिवसांनी आयशाबीला पहिल्यांदा जाणवलं. जफर सकाळी उठला तर उशी ओली. लाळ गळलेली. तिनं अभ्रा बदलला. मग एक दिवस जेवताना त्याच्या हातून भाकरीचा तुकडा दोनदा निसटला. पोटात मुरडा येतो म्हणाला. अंगाला घाम फुटायचा, तोही पहाटेच्या गारव्यात.

"ऊन लागलं तुमाले," ती म्हणाली. तिनं कांदा ठेचून तळपायाला चोळला. एरंडेल दिलं. दोन दिवस मुगाची खिचडी खाऊ घातली, आणि दूध लिटरचं दीड लिटर केलं.

"मले काय धाड भरली," जफर म्हणाला. "हंगाम हाय, थकवा येतेच. तू कायले जीव टाकतं?"

तिचा जीव टांगलेलाच होता. पण डॉक्टरचं नाव तिनं घेतलं नाही, आणि त्यानंही घेतलं नाही.

मग एका शुक्रवारी मारोतराव आले. मारोतराव म्हणजे गावाबाहेरच्या नाल्याकाठी पाच एकर वावर असलेला जफरचा जुना दोस्त. ते नेहमी आले की बाहेरूनच हाक मारत आणि ओट्यावर बसत. त्या दिवशी हाक न मारताच दाराशी उभे राहिले, टोपी काढून पुन्हा घातली. आयशाबी तूर निवडत होती.

"भाभी, एक गोठ इचारू? राग नका मानू."

"इचारा ना भाऊ. राग कायचा?"

"जफरभाई घ्याले लागला का?"

आयशाबीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"काल मी पंप घ्याले गेलतो," मारोतराव जमिनीकडे पाहत म्हणाले. "त्याचे हात असे थरथरून राह्यले होते. डोये लाल. बोलता बोलता तोंडातून लाय गयली, त्याले समजलं बी नाई. दुकानापुढं चार लोक उभे होते, ते एकमेकाले डोये मारून हसून राह्यले. आपल्याले ते पाहवलं नाई, भाभी. म्हणून आलो."

दुसरी एखादी असती तर अंगावर धावून गेली असती. आयशाबी धावली नाही. सव्वीस वर्षांच्या संसारात दारूचा वास लपत नसतो, एवढं तिला कळत होतं. तिला राग आला तो त्या हसणाऱ्या चार लोकांचा, आणि त्याहून जास्त स्वतःचा. जे चार परके लोक पाहत होते ते तिनं आठ दिवस कांदा चोळून झाकून ठेवलं होतं.

"ते पेत नाई, भाऊ," ती म्हणाली. "पर तुमी सांगतलं ते बरं केलं."

आयशाबी दुकानात जात नसे. मोहल्ल्यातल्या बायांची तशी रीत नव्हती, आणि तिला कधी गरजही पडली नव्हती. दुसऱ्या दिवशी मात्र ती बुरखा घालून, शिवणाची पिशवी घेऊन दुकानात गेली आणि मागच्या बाजूला औषधाच्या रिकाम्या खोक्यावर बसली. जफर चकित झाला.

"तू इथी कायले?"

"घरी करमत नाई. बसतो जराशी."

ती शिवत बसली आणि पाहत बसली. तिला वाटत होतं, हा बाहेरचं काही खात असेल. कुणी चहा पाजत असेल, भजी आणून देत असेल. तसं काही नव्हतं. लोक येत होते, पंप ठेवत होते, जफर एकेक पंप मांडीत घेत होता. त्यानं दांडीच्या टोकाचं पितळी नोझल फिरवून काढलं, पायजम्यावर पुसलं, तोंडात धरलं आणि जोरात फुंकलं. मग उजेडाकडे धरून त्याच्या बारीक भोकातून पाहिलं. मग पुन्हा तोंडात धरून फुंकलं. ते बाजूला ठेवून दुसरं घेतलं. फुंकलं. पाहिलं. फुंकलं. सात-आठ नोझल झाली की बाटलीतून दुधाचा घोट, ओठ मनगटाला पुसायचे, आणि पुन्हा नोझल.

आयशाबीच्या हातातली सुई तशीच राहिली. आपण त्याला हात मनगटापर्यंत धुवायला लावत होतो. आणि तो हे तोंडात घालत होता.

"अजी," ती हळूच म्हणाली. "ते तोंडात काहून घालता?"

"मंग कुठं घालू?" जफर हसला. "फुंकल्याबिगर समजते का कचरा निघाला का नाई ते? बावीस वर्सं झाले, आयशा. तोंडाले जे समजते ते मशीनले समजत नाई."

"त्याले औषध लागलेलं राह्यते."

"राह्यते ना. म्हणून तं दूध पेतो. तूच तं देतं."

तो हे किती सहज म्हणाला. तिच्यावर भरवसा होता त्याचा. नोझलमध्ये अडकलेलं औषध जिभेवर आलं की कडू लागायचं, तेव्हा तो थुंकायचा आणि दुधाचा घोट घ्यायचा आणि बिनघोर व्हायचा. दूध नसतं तर कधीतरी भ्याला असता.

पुढ्यातल्या पंपाचा वॉशर बसवायचा होता. जफरनं तो बोटांच्या चिमटीत धरला, तो खाली पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला. समोर उभ्या असलेल्या एका शेतकऱ्यानं दुसऱ्याकडे पाहिलं आणि अंगठा ओठाशी नेऊन पिण्याची खूण केली. जफरनं ती पाहिली. त्यानं मान खाली घातली आणि जमिनीवर वॉशर चाचपू लागला, पण वॉशर त्याच्या गुडघ्यापाशीच होता आणि तो त्याला दिसत नव्हता.

आयशाबी उठली. तिनं वॉशर उचलून पंपावर ठेवला आणि शटरला हात घातला.

"अवो बाई, माहा पंप," तो अंगठेवाला म्हणाला.

"घेऊन जा," ती म्हणाली. "उस्ताद बिमार हाय."

"भर हंगामात दुकान बंद करतं का?" जफर म्हणाला. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ ओघळत होती. "एक दिवस आराम केला का होते बराबर. दवाखाना नाई आयशा. परवेजभाईचं विसरलं का?"

"नाई विसरलो. पर माहं चुकलं. मी तुमाले दूध पाजत राह्यलो अन् तुमी जहर खात राह्यले. चाला."

यवतमाळची एसटी उभीच होती. ती त्याला धरून चढवत होती तेव्हा त्याचा पाय पायरीवरून सरकला. कंडक्टर म्हणाला, "बाई, असे पेलेले लोक मांगं बसवा. समोर लेकराबायाच्या सीटा हायेत." सगळ्या गाडीनं वळून पाहिलं. जफरनं डोळे मिटून घेतले. आयशाबीनं बुरख्याच्या टोकानं त्याचं तोंड पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पेलेले नाईत ते. फवाऱ्याचं औषध गेलं त्याइच्या पोटात." मग पहिल्या सीटवरची एक म्हातारी गाठोडं घेऊन उठली आणि तिनं जागा करून दिली. कंडक्टरनं तिकिटं फाडली आणि खिडकीची काच पुढं सरकवून दिली, वारं यावं म्हणून.

मोठ्या सरकारी दवाखान्यातली डॉक्टर अलफियाच्या वयाची होती. तिनं जफरच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. ती नर्सला भराभर काही सांगत गेली, सुया लागल्या, सलाईन लागलं. मग तिनं आयशाबीला विचारलं, "शेतात फवारतात का?"

"नाई. नोझल फुंकते."

"रोज किती?"

"पन्नास-साठ."

डॉक्टर थांबली. "आणि तोंड कशानं धुतात?"

"दूध पेते," आयशाबी म्हणाली. "मीच देत होतो."

डॉक्टर चिडली नाही, त्यामुळंच आयशाबीला जास्त लाज वाटली. ती म्हणाली, "मावशी, दुधानं यातलं काहीच उतरत नाही. त्यांना वाटायचं उतरलं, एवढंच. चार दिवस उशीर केला असता तर श्वासच बंद पडला असता." मोहल्ल्यातल्या बाया आयशाबीच्या डोळ्यांपुढून गेल्या. त्यातल्या कितीजणींना तिनं नवऱ्याला दूध पाजायला सांगितलं होतं, ते आठवत बसण्याचं धाडस तिला झालं नाही.

पहिले दोन दिवस वाईट गेले. तिसऱ्या दिवशी जफरनं आपल्या हातानं पाण्याचा पेला धरला आणि तो सांडला नाही. नर्सनं केस पेपरवर काही लिहिलं आणि उद्या घरी जा म्हणाली. दवाखान्याचा खर्च म्हणाल तर केस पेपरपुरता. ज्या दाराला इतकी वर्षं भ्यालो ते हेच का, असं आयशाबीच्या मनात आलं, पण ते बोलून दाखवायला ती तयार नव्हती.

त्या वॉर्डात सगळे फवारणीवालेच होते. कुणी बडबडत होता, कुणी नुसता वर पाहत होता. शेजारच्या खाटेवर एक तांड्यावरचा मजूर होता, डोळ्यांवर ओल्या कापडाची घडी. पहिल्या दिवशी तो शुद्धीतच नव्हता. त्याची बायको भुरीबाई पायथ्याशी बसून असायची. आयशाबीनं तिला दोन दिवस आपल्यातली भाकर दिली होती. जफर नर्सशी काही बोलला आणि खाटेवरच्या माणसानं मान वळवली.

"हा आवाज उस्तादचा का?"

"कोन बोलते?"

"मी रामलाल, उस्ताद. तांड्यावरचा. तुमी इथी कायले?"

"पडलो बिमार," जफर म्हणाला.

"भुरी, हेच ते उस्ताद," रामलाल बायकोला म्हणाला. त्याचा आवाज कोरडा पडला होता, पण त्यात आनंद होता. "मांगच्या साली मी नोझल घेऊन गेलतो याइच्याकडे. त्याइनं पैसे नाई घेतले. म्हणाले, रामलाल, एवढ्यासाठी बाभुळगावले येऊ नको, तुही मजुरी बुडते. तोंडात धर, जोरात फुंक, मोकयं होते. लय कामाची युक्ती देल्ली, उस्ताद. तवापासून दुरुस्तीले एक रुपया गेला नाई. तांड्यावरच्या सबन लोकाइले मी शिकवली."

भुरीबाईनं जफरकडे पाहून दोन्ही हात जोडले.

आयशाबीनं नवऱ्याकडे पाहिलं. रामलालला दिसत नव्हतं. उद्या आपण घरी जाणार होतो. तिच्या मनात आलं, गप्प राहा, अजी, गप्पच राहा. खरं सांगायचं तर अगदी हेच आलं तिच्या मनात. बसमध्ये, दुकानात जे झालं ते पुरे होतं. या माणसाची एवढीच एक इज्जत उरली आहे, ती तरी राहू दे.

जफर खाटेवरून उतरला. सलाईनचा खांब एका हातानं ढकलत तो रामलालच्या उशाशी गेला आणि खाली बसला.

"रामलाल, मी चुकीचं शिकवलं."

"काय?"

"ते फुंकनं. त्याच्यानंच तू इथी पडला. मी बी त्याच्यानंच पडलो. तुह्यावर उपकार कराले गेलो अन् तुले जहर खाले लावलं."

भुरीबाईचे जोडलेले हात हळूहळू मांडीवर आले. रामलालची छाती वरखाली होत राहिली. समोरच्या खाटांवरचे दोघं कोपरावर उठून पाहत होते. आयशाबीला वाटलं, आता हा शिवी देईल, आणि दिली तर ती घ्यायची.

"उस्ताद," रामलाल म्हणाला, "आज वार कोनता?"

"सोमवार."

"मंग आज बी फवारनी चालू असन. आमचे पंधरा लोक असतीन वावरात."

जफर उठला. फोन पिशवीत होता. आयशाबीनं तो काढला, मारोतरावांचा नंबर लावला आणि त्याच्या कानाला धरला.

"मारोतराव, गाडी काढा. तांड्यावर जा. लोकाइले सांगा का नोझल कोनीच तोंडानं फुंकायचं नाई. बारीक काडीनं साफ करा, नाई तं पंप माह्याकडे ठेवून द्या, मी फुकट करून देतो."

मारोतरावांचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "माहं कोन ऐकन, जफरभाई? ते म्हणतीन, उस्तादनंच शिकवलं."

"मंग माहं नाव घेऊनच सांगा. उस्ताद चुकला म्हणा. त्याच फुंकीनं उस्ताद दवाखान्यात पडला, बोलता येत नव्हतं, दिसत नव्हतं, असं सांगा. दुकानापुढं जे लोक हसले त्याइले बी सांगा."

"बरं," मारोतराव म्हणाले. मग गाडीला किक मारल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली.

"गेले का?" रामलालनं विचारलं.

"निंगाले."

"नाल्याच्या पल्याडच्या वावरात पहिले जा म्हणा." रामलाल उठून बसायला धडपडला, भुरीबाईनं त्याला धरलं. "तिथी माहा लहाना भाऊ असते. त्याले मीच शिकवलं, उस्ताद. तो दम लागेपरेंत फुंकते."

आयशाबीनं फोन पुन्हा लावला आणि जफरच्या कानाला धरून उभी राहिली. तिकडे घंटी वाजत होती. मारोतराव गाडीवर होते, त्यांना ऐकू जात नव्हतं. तिनं परत लावला.